दोनाच्या पाकिटातला रुपया

यात्रा उरकून आठ-दहा दिवस झाले की गावचे पंच देवीची पेटी उघडतात आणि आमच्या पतपुरवठा सोसायटीत फोन येतो, "कॅशियर साहेबांना पाठवा." कॅशियर म्हणजे मी. गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं. सोबत आमचा शिपाई, एक वजनकाटा, प्लास्टिकच्या पाकिटांचा गठ्ठा आणि मेणबत्ती. पाकिटांची तोंडं मेणबत्तीवर धरून चिकटवायची, ही आमच्या शिपायाची खास कला.

सभामंडपात जमखाना अंथरलेला असतो. त्यावर पेटी पालथी केली की आधी धूर उठल्यासारखा भंडारा उडतो. इकडच्या देवीची नाणी चांदीच्या नाही, हळदीच्या रंगाची असतात. तेल, कुंकू, कापूर आणि हळद मिळून त्यांचे चार-चार, पाच-पाचचे लगदे होतात. नखानं सोडवावे लागतात. संध्याकाळी घरी जाऊन साबणानं हात धुतले तरी जेवताना बोटांना भंडाऱ्याचा वास येतोच.

मला नाणी बघायचा नाद आहे. बाहेरच्या देशांत बँकेतून कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या वळकट्या आणून त्या फोडून बघणारे लोक असतात. आपल्याकडे वळकटी नाही, शंभराचं पाकीट. मी ती पाकिटं बघतो. सालाच्या खाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. हे एकदा कळलं की साधा रुपयासुद्धा गप्प बसत नाही, कुठून आला ते सांगतो. आवडलेलं नाणं मी ठेवून घेतो आणि तेवढ्याच किमतीचं दुसरं टाकतो. पाचाच्या जागी पाच, रुपयाच्या जागी रुपया. त्यासाठी खिशात सुट्टे घेऊनच जातो. पंचांना हे माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी मोजायला बसलेली गावातली पोरं कामाला जोरात होती. दहा रुपयांच्या नाण्यांचा ढीग सगळ्यात मोठा. आमच्या भागात दुकानदार ते नाणं घेताना तोंड वाकडं करतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की दहाची चौदा प्रकारची नाणी आहेत आणि सगळी चालतात. पण किराणावाल्याला कोण सांगणार? जे दुकानात चालत नाही ते देवीला चालतं. चार आणे तर ३० जून २०११ पासून बंद झाले, तेही दर वर्षी ओंजळभर निघतात. त्यांचा वेगळा डबा.

एका पोरानं वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं माझ्या नाकासमोर धरलं. "सर, ह्ये लाखाला जातंय म्हणं?" मी म्हटलं, पाच रुपयाला जातंय. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच इशारा द्यावा लागला होता, की जुन्या नोटा-नाणी घेतो-विकतो म्हणून आमच्या नावानं फी मागणाऱ्यांपासून सांभाळा. पोरगं हिरमुसलं. मी मात्र त्याच ढिगातून २००६ चा बसवेश्वरांचा पाचाचा शिक्का उचलला, बदली पाच टाकले, आणि स्वारी खूश.

एक-दोन रुपयांची नाणी आम्ही मोजत नाही, तोलतो. बँकांतही ही पद्धत आहे. २०११ च्या घडणीचा रुपया ३.७९ ग्रॅमचा, म्हणजे शंभराचं पाकीट ३७९ ग्रॅम. त्याच घडणीचे दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे, म्हणजे ४८५. अकरा कोनांचे आणि जाड, मोठे जुने दोन रुपये आधीच बाजूला काढून हातानं मोजले. उरलेल्यांसाठी मीच पोरांना सोपं करून सांगितलं होतं, "बारकं ते एक, मोठं ते दोन." हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर येणार होतं.

तीनपर्यंत नोटा आणि चिल्लर मिळून आकडा लागला. ६१,३४०. आबांनी, म्हणजे गावच्या थोरल्या पंचांनी, तो मोठ्यानं वाचला. कुणीतरी चहा आणला.

चहा पिता पिता मी दोनाचं एक न चिकटवलेलं पाकीट ओतून बघत बसलो. सवयच ती. पंधरा-वीस नाणी सरकवली असतील, एकावर हळद कमी होती. अंगठ्यानं पुसलं. १९९९. संत ज्ञानेश्वर.

माउलींचा रुपया! किती पाकिटं उपसली असतील मी त्याच्यासाठी. तुकोबांचा २००२ चा मला आधीच मिळाला होता, हा तेवढा राहिला होता. बाजारात थोडे पैसे मोजले तर मिळतो, पण विकत घेण्यात काय गंमत? हातात धरून मी हसत होतो, आणि हसता हसता पोटात खड्डा पडला.

हा रुपया आहे. मग दोनाच्या पाकिटात काय करतोय?

१९९२ पासून पुढे जो पोलादी रुपया निघत होता, तो २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा. २०११ च्या घडणीचे दोन रुपये? २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. हळदीत बुडवल्यावर तर सख्खे जुळे भाऊ. पोरांनी मी सांगितलं तेच केलं होतं. मोठं ते दोन. आणि काट्यानंही मान डोलावली होती.

दोनाची एकतीस पाकिटं होती. मी म्हटलं, सगळी फोडा.

शिपायानं कपाळाला हात लावला. "लेक्क तप्पैती री," हिशेब चुकलाय, एवढंच कानडीत म्हणाला आणि पहिलं पाकीट दातानं फाडलं.

तास-दीड तास गेला. ४१८ जुने रुपये निघाले. प्रत्येकाला आम्ही दोन धरले होते, म्हणजे आकडा ४१८ नं खाली. ६०,९२२.

आता मंडपाचा नूर बदलला. मागे खांबाला टेकून बसलेला एक तरणा म्हणाला, "मगाशी येवढं हुतं, आता कमी कसं आलं? सायबांनी पाकिटं उसकल्यावरच कसं कमी झालं?" आणि लगेच, "खिशात काय टाकायलाय ते बी बघतोय सकाळपासनं."

खोटं नव्हतं ते. माझ्या शर्टाच्या खिशात देवीची सहा नाणी होती. बदली टाकली होती हे मला ठाऊक, शिपायाला ठाऊक. पण भंडारा लागलेली नाणी खिशात आणि हिशेब ४१८ रुपयांनी कमी, हे बाहेरून कसं दिसतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. सव्वीस वर्षं काउंटरवर बसून कान असे कधी तापले नव्हते.

मी खिसा जमखान्यावर उलटा केला. सहा पिवळी नाणी, बाकी माझी स्वच्छ चिल्लर. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

मग मी काटा पुढे ओढला. शंभर जुने रुपये ठेवले. ४८५. ते काढून शंभर दोन-दोनचे ठेवले. ४८५. एक-दोन ग्रॅम हळदीचे इकडेतिकडे. आबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून त्यांनी नातीला बोलावलं. सहावी-सातवीतली असेल. तिनं एक जुना रुपया आणि एक दोनाचं नाणं एकमेकांवर ठेवून कडेवरून बोट फिरवलं. "आज्जा, सेम हाय की!" मग पालथी करून आकडे वाचले, "ह्येच्यावर एक, ह्येच्यावर दोन."

तरणा पुढे आला, स्वतः तोलून बघितलं, आणि "बँकेत गेल्यावर कळलं असतं तर?" म्हणाला. तर माझ्या पगारातून गेले असते, मी म्हटलं. त्यावर तो जरा हसला. माफीबिफी काही मागितली नाही, आणि मागावी असं मलाही वाटलं नाही.

पावती ६०,९२२ ची फाडली. सहा नाणी मी परत ढिगात टाकली, बदल्यात टाकलेले पैसे कुणी परत दिले नाहीत, मी मागितले नाहीत. बसवेश्वरही गेले. माउलींचा रुपया मात्र आबांच्या तळहातावर होता. नातीनं नाव वाचून दाखवल्यावर त्यांनी तो कपाळाला लावला होता.

मला वाटलं, आता म्हणतील, घ्या साहेब, ठेवा तुम्हाला. खरं सांगतो, मी हात पुढे करायच्या बेतात होतो.

"पेटी मोकळी ठिवू ने," आबा म्हणाले, आणि रुपया फटीतून आत सोडला. रिकाम्या पत्र्यावर तो बराच वेळ वाजला. मग कुलूप लावून किल्ली त्यांनी करगोट्याला बांधली.

शिपाई गाडीवर मागे बसल्यावर विचारत होता, पेटी परत कधी उघडणार. पुढच्या यात्रेला, मी म्हटलं.