चाळीस पावलांवरचे कडुलिंब

सरांच्या शोकसभेत बोलण्याचे काम माझ्याकडे आले, कारण ते निवृत्त झाले तेव्हा चित्रकलेच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांनी माझ्या हाती दिली होती. सभा दुपारी चारला होती. सकाळी मी त्यांचे सेवापुस्तक काढून पाहिले, तर सैन्यातील नोकरीबद्दल त्यात ‘माजी सैनिक’ एवढेच दोन शब्द होते. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात मात्र सर्वांना ठाऊक होते की सर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, होते आणि डिसेंबर १९७१ मध्ये ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या वेढ्यात लढले. ब्रह्मपुत्रेकाठच्या त्या गावाच्या दक्षिणेला, ढाक्याकडे जाणारा रस्ता पलटणीने अडवून धरला होता आणि १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी सैन्याने तिच्यावरच धडक मारली. सर याविषयी स्वतः कधी बोलले नाहीत. स्वातंत्र्यदिनी फारच आग्रह झाला, तर फळ्यावर रंगीत खडूने तिरंगा काढून देत आणि मागच्या रांगेत जाऊन उभे राहत.

बोलायला आणखी काही मिळेल म्हणून मी त्यांचे जुने कपाट उघडले. वस्तुचित्रासाठी ठेवलेला पोचा पडलेला तांब्या, कंदील, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे पिवळे पडलेले कागद, चाळीसगावच्या केकी मूस कलादालनाच्या सहलीची यादी; खालच्या कप्प्यात रेक्झिनचे पुठ्ठे असलेली एक वही होती. तिच्या पहिल्याच पानावर आमच्या खिडकीतून दिसणारा देखावा पेन्सिलीने काढलेला होता, पण त्यात छायाप्रकाश अजिबात नव्हता. क्षितिजाची एक रेघ, तिच्यावर पाण्याची टाकी, मारुतीच्या देवळाचा कळस, फाटकाजवळचे कडुलिंब, आणि प्रत्येकापासून वर ओढलेल्या बारीक रेघेच्या टोकाला एकेक आकडा. कडुलिंबावर ४० होते.

पायदळाचा जवान खंदकात बसला की समोरच्या खुणा आणि त्यांची अंतरे अशाच रीतीने कागदावर उतरवतो. त्याला रेंज कार्ड म्हणतात, हे माझा मेहुणा फौजेत असल्यामुळे मला माहीत होते. स्मरणचित्राच्या तासाला सर मुलांना मैदानात पावले मोजत का फिरवीत, हे मला त्या क्षणी कळले. ‘आधी दख, मंग काढ,’ असे ते अहिराणीत बजावीत. नवा होतो तेव्हा यात तास वाया जातो, असे मी स्टाफरूममध्ये बोललोही होतो. ते त्यांच्या कानावर गेले असणारच.

मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलाला मी खिडकीपासून कडुलिंबापर्यंत पावले मोजायला लावली. त्याची सत्तेचाळीस भरली.

‘सर, वहीतलं चुकलंय का?’

मी क्रीडाशिक्षकांकडून टेप आणवला. कवायतीत फौजी पाऊल तीस इंचांचे असते, म्हणजे चाळीस पावलांचे शंभर फूट व्हायला हवेत. मुलाने खोडाशी टेपचे टोक धरले, मी खिडकीखाली वाकून वाचले: नव्याण्णव फूट दहा इंच.

चारच्या सभेला काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत हातरुमालात बांधलेले, १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळालेले ‘पूर्वी स्टार’ पदक होते. ते फोटोसमोर ठेवून झाल्यावर मी वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी पहिले पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘घरच्या ओट्यावरूनबी असंच काढेल आहे त्यांनी.’