पेटीत आंबे किती?

देवगडच्या बागांमधला हापूस थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवायचा, हा आमच्या स्टार्टअपचा धंदा. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप आणि एक्सेलवर निभावली. पण ऐन एप्रिलात कोणाचे पैसे जमा झाले आणि कोणाची पेटी निघाली, याचा मेळ बसेना. स्वतःचा प्लॅटफॉर्म हवा होता, आणि कोड लिहिणं ना मला येत होतं ना माझ्या भागीदाराला.

सॉफ्टवेअरमधल्या एका मित्राच्या सल्ल्याने आम्ही डेव्हलपर निवडताना मुलाखतीऐवजी अर्ध्या दिवसाचं काम द्यायचं ठरवलं, अर्थात पैसे देऊन. प्रश्न त्यानेच काढला होता: शेवटची पेटी उरलीय आणि दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी 'खरेदी' दाबलं, तर काय?

पहिल्या मुलाने उत्तर चोख दिलं. पैसे भरेपर्यंत पेटी काही मिनिटं एकाच्याच नावावर अडवून ठेवायची. यूपीआयमध्ये कधीकधी खात्यातून पैसे जातात, पण अ‍ॅपला पत्ता नसतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विसंबायचं नाही, पेमेंट गेटवेचा, म्हणजे पैसे वळते करणाऱ्या सेवेचा, निरोप सर्व्हरवर आला की मगच ऑर्डर पक्की करायची. मी मनातल्या मनात त्याला नेमूनही टाकलं.

दुसरे एका एजन्सीचे गृहस्थ. त्यांना प्रत्येक आंब्याचा माग ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून सहज बदलता न येणाऱ्या डिजिटल नोंदवहीत, ठेवायचा होता. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही हापूसच्या नावाखाली भलताच आंबा खपतो, हे खरंच आहे. पण आम्ही माल स्वतः बागेतून उचलतो. चहा घेऊन ते गेले.

तिसरी मुलगी इचलकरंजीची, आधी सूत व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर केलेली. तिने लॅपटॉप उघडलाच नाही.

"पेटी म्हणजे नेमके किती आंबे?"

भागीदार म्हणाला, "फळावर आहे. मोठं असेल तर चार-पाच डझन, बारीक असेल तर सात-आठ."

"मग शेवटची पेटी शिल्लक आहे हे कळणार कसं? झाडावरचा माल पेटीत मोजताय तुम्ही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिने बागेतल्या कोणाशी तरी बोलायचं म्हटलं, म्हणून भागीदाराच्या काकांना फोन लावला. पुढचा जवळजवळ तास ती आणि काकाच बोलत होते. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात, कच्चाच पाठवतात, तो गिऱ्हाइकाच्या घरी गवतात पिकतो. म्हणजे अक्षय्य तृतीयेला खायचा तर पेटी आधीच पोचायला हवी. आम्हाला हे सगळं ठाऊक होतं, पण आमच्या कागदावर 'डिलिव्हरीची तारीख' एवढा एकच रकाना होता. तिने दोन केले: पोचण्याची आणि खाण्याची.

"आणि काका, साका निघाला तर?"

"भायरसून कळणा नाय गो, आंबो कापल्यारच कळता."

साका म्हणजे फळाचा आतला गर खराब निघणं. त्यावर तिने तक्रारीचं पान काढलं: कापलेल्या फळाचा फोटो, बाग, तोडणीचा दिवस. कुठल्या तोडीत साका जास्त निघतो हे त्यातून पुढे आपोआप कळेल, म्हणाली. मित्राचं कोडं तिने शेवटी सोडवलं, जवळपास पहिल्या मुलासारखंच, फक्त पेटीऐवजी डझनाच्या हिशोबात.

कराराचा मसुदा तिला वाचायला दिला, तर तिने त्यातही पेन्सिल चालवली. ती नोकरीवर नव्हती, कंत्राटावर काम करणार होती. अशा वेळी 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, लेखी हस्तांतरण नसेल तर साधारणपणे कोडची मालकी लिहिणाऱ्याकडेच राहते. आणि हस्तांतरणात मुदत लिहिली नाही, तर ते पाचच वर्षांचं धरलं जातं. आमच्या मसुद्यात यातलं अक्षरही नव्हतं. तिने ते कलम आमच्या बाजूने लिहून दिलं, वर एक अट घातली: शेवटचा हप्ता मिळाल्यावरच मालकी तुमची. डोमेन आणि सर्व्हरचं खातं मात्र पहिल्या दिवसापासून कंपनीच्याच नावावर.

तिचा दर पहिल्या मुलापेक्षा बराच जास्त होता. भागीदाराने घासाघीस करून पाहिली. ती एक रुपयाही उतरली नाही. पहिला हप्ता त्याच संध्याकाळी पाठवला.