सगळे खाली बसा

लहान मुलांच्या मधुमेह विभागात मी नर्स आहे. त्या रविवारची ड्यूटी मात्र वॉर्डात नव्हती, रस्त्यावर होती. आमच्याकडे येणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी निधी जमवण्यासाठी पाच किलोमीटरची पदयात्रा ठरवली होती. सोबत वैद्यकीय माणूस हवं होतं. मी आपणहून नाव दिलं.

दोन वर्षांपूर्वी ती दाखल झाली त्या रात्री मीच ड्यूटीवर होते. महिनाभर न भागणारी तहान, रात्री अंथरूण ओलं होणं, कपडे ढगळ व्हायला लागलेले आणि शेवटी तो खोल, जोरजोरात चाललेला श्वास. टाइप १ मधुमेह. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाण्याशी याचा काही संबंध नसतो. "माझंच काहीतरी चुकलं, सिस्टर," असं तिची आई त्या आठवड्यात रोज म्हणायची, आणि मी तिला रोज हेच सांगायचे.

निधी कशासाठी, यावर घरात बरीच चर्चा झाली होती म्हणे. "आमच्या एकटीसाठी नको," वडील म्हणाले. विभागात येणाऱ्या ज्या मुलांना ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप आणि सेन्सर परवडत नाहीत, त्यांच्यासाठी पैसे जायचे होते. १९२२च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला मधुमेहासाठी पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. ते शोधणाऱ्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. औषध सगळ्यांना मिळावं म्हणूनच ना? एवढ्या वर्षांनीही एखाद्या मुलाची स्ट्रिप संपली म्हणून दिवसभर तपासणीच होत नाही, हे मला आजही सहन होत नाही.

फलकावर तिचा फोटो लावायचं ठरत होतं. "फोटो लावला तर मी येणारच नाही," असं तिने बजावलं. मग फोटोऐवजी मधुमेहाचं चिन्ह असलेलं निळं वर्तुळ रंगवलं. मला ते मनापासून आवडलं. आजारी मुलाचा चेहरा दाखवून पैसे मागणं मला नेहमीच खुपतं.

निघताना तिची शुगर १४२ होती. चालायचं म्हणून सकाळचा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी केला होता. सगळा हिशोब नीट केला होता, फक्त एक गोष्ट धरली नव्हती. बाई सरळ चालणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढे फलकापर्यंत धावत जायचं, परत मागे मैत्रिणींकडे यायचं. मोठी माणसं साडेतीन किलोमीटर चालली तोवर तिचे पाच तरी झाले असतील.

तिचा भाऊ बारा वर्षांचा. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सिस्टर, हिचं बोट टोचा. मी मघापासून चिडवतोय आणि ही भांडतच नाहीये."

दंडावरचा सेन्सर ८१ दाखवत होता. क्षणभर मलाही वाटलं, ठीक आहे की. पण सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली मोजतो. शुगर झपाट्याने उतरत असली की तो काही मिनिटं मागे राहतो. बोट टोचलं. ५८.

तिला रस्त्याच्या कडेला बसवलं. हात गार पडलेले, कपाळावर घाम. मोठ्यांना १५ ग्रॅम ग्लुकोज देतात. मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे ०.३ ग्रॅम. ती तीस किलोची, म्हणजे नऊ ग्रॅम. कुणीतरी मायेने चॉकलेट पुढे केलं. ते मी बाजूला ठेवलं, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ग्लुकोजचं पाणी तिने घोट घोट संपवलं. आता १५ मिनिटं थांबायचं. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

भोवती शंभरेक माणसांचं कडं. कुणी वारा घालतंय, कुणी दवाखान्यात न्या म्हणतंय. ती गुडघ्यात मान घालून बसलेली. तेवढ्यात भाऊ मोठ्याने म्हणाला, "सगळे खाली बसा ना! तुम्ही उभे राहिलात की तिला वाटतं तिच्यामुळे उशीर होतोय."

आधी तिच्या वर्गातली मुलं बसली. मग शेजारच्या आजी, कुणाचा तरी हात धरून हळूहळू. मग सगळी रांगच कडेला टेकली.

१५ मिनिटांनी ६४. पुन्हा ग्लुकोज, पुन्हा थांबणं. आता कुणी काही सुचवत नव्हतं. माझ्या बाजूला बसलेल्या बाईंनी हळूच तिच्या आईला विचारलं, "हे असं नेहमी होतं?" आई म्हणाली, "आठवड्यातून एखाददोनदा. रात्री झालं तर आम्ही दोघं असेच बसतो." त्या बाईंनी आईचा हात धरला आणि तिसरा आकडा येईपर्यंत सोडला नाही.

९३. तिने मान वर केली आणि पहिलं वाक्य भावाला उद्देशून, "तू मघाशी मला काय म्हणालास?"

वडील गाडी मागवायला निघाले होते. निर्णय माझ्यावर होता. मी तिला बिस्किटं दिली, थोडा वेळ थांबून परत बोट टोचलं आणि म्हणाले, चालू दे. धावायचं नाही, माझ्या शेजारून चालायचं, वाटेत पुन्हा तपासायचं. धोका पत्करला असं कुणी म्हणेल. पण पुढचं सगळं आयुष्य तिला लो येणार, म्हणजे शुगर अशी खाली जाणार, आणि त्यातून उठून चालायचं आहे. त्या दिवशी तिला गाडीत बसवणं मला पटलं नसतं.

सगळ्यांनी मिळून पाच किलोमीटर पूर्ण केले. खरी काळजी मला रात्रीची होती. व्यायामानंतर स्नायू कित्येक तास साखर ओढत राहतात, म्हणून पहाटे लो येऊ शकतो. डॉक्टरांना फोन करून रात्रीचा डोस कमी केला आणि आईला तीन वाजता तपासायला सांगितलं. तीन वाजून सात मिनिटांनी मेसेज आला: ११८. मी जागीच होते.

पुढच्या तपासणीला तिने नेहमीप्रमाणे वही पुढे केली. शेरा या रकान्यात ती एरवी "खेळ" नाहीतर "सर्दी" लिहिते. त्या रविवारी ५८, ६४, ९३ या तिन्ही आकड्यांना एक कंस घालून तिने लिहिलं होतं, "सगळे बसले होते."