तिसरी मेर: घाणेरी परत आली, पण शिडी झोपवली

मे महिन्यात मी छाती फुगवून लिहिलं होतं, तिसऱ्या मेरेखालची, म्हणजे बांधाखालच्या उतारावरची, घाणेरी (टणटणी) संपली म्हणून. नंतर पाऊस, मग गणपतीची चवथ. तिकडे फिरकलोच नाही. परवा डोकावलो तर बुंध्याबुंध्याला फुटवे. एकावर मोजले, अकरा!

चूक माझीच. जमिनीलगत कापली होती. तिचे फुटव्यांचे डोळे खोड-मुळाच्या सांध्यावर असतात. मातीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं नि झाड उलटं करून वाळवायचं, हे मला ठाऊक होतं. पण माती उकरायला त्या उतारावर उभं कुठे राहायचं? वर शेवाळलेला जांभा, मध्ये सुटी लाल माती, खाली थेट शेजाऱ्यांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. फणसाला दोर बांधून उतरलो, पण एक हात दोराला गुंतला की एकाच हाताने उकरणार काय नि तोडणार काय! दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा कोयता माझ्याआधी पोफळींत पोचला.

मग आठवलं, आमची कौलं परतायला येणारा गडी शिडी छपरावर झोपवून तिच्यावरून चालतो. बांबूची शिडी तशीच उतारावर निजवली, वरचं टोक फणसाला आवळलं. पायरीवर गुडघे, दोन्ही हात मोकळे! रविवारी तीन तासांत सात बुंधे. मूळ तुटताना कच्चकन आवाज येतो ना, त्यासाठी गुडघे सोलले तरी चालतील.

लांब दांड्याची कात्री ऑनलाइन मागवली होती, तिचा नट तिसऱ्याच फांदीला निखळला. विकणारा म्हणतो, तुम्ही वापरलीच चुकीची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला कोयता तेवढा शहाणा. ब्रशकटरचा सल्ला देणाऱ्यांनी आधी जांभ्याचे खडे नडगीवर झेलून बघावेत.

दिवाळीआधी सगळा उतार मोकळा करायचा बेत होता, तो रद्द. परतीच्या पावसाची एक सर उघडी माती कुळागरात नेऊन टाकेल. आता एक पट्टा काढायचा, एक ठेवायचा. मोकळ्या पट्ट्यांत माती धरायला जूनमध्ये वाळा लावायचा. कापलेल्या फांद्या आडव्या रचून बांध घालावा म्हणत होतो, पण ओल्या मातीला टेकल्या तर त्याच रुजतील. म्हणजे आधी कातळावर खडखडीत वाळवणं आलं.

शिडी अठरा फुटांची, उतार अजून दहा-बारा फूट उरतोय. दोन शिड्या जोडून कोणी निजवल्यात का? सांध्याला काथ्या पुरतो की तार लागते?