तुम्ही विचारलंत म्हणून: पाळकाचं ऐकायचं तरी कशाला?

रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कुणीतरी विचारतंच, "तुमच्यातबी बुवाबाजी चालतीय की ओ, मग त्या पाद्र्याचं ऐकता कशाला?"

चालते, नाही कशाला म्हणू. येशूनं सगळ्यात कडक बोल सुनावलेत ते धर्म शिकवणाऱ्यांनाच, बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 23 वा अध्याय काढून बघा, शास्त्री-परूश्यांची, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपंडितांची, नुसती धुलाई आहे. पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दहावा भाग मोजून देता आणि न्याय, दया ठेवता बाजूला, असं तोंडावर. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो, हे मोशेच्या आसनावर, म्हणजे त्याचं नियमशास्त्र शिकवायच्या जागेवर बसलेत, सांगतात ते करा, वागतात तसं वागू नका. म्हणजे शिकवण खोटी ठरत नाही, माणूस ठरतो.

मला मात्र मार्काच्या शुभवर्तमानाचा 12 वा अध्याय जास्त टोचतो. मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या गरीब विधवेच्या दोन दमड्या चर्चमधल्या दानावरच्या प्रत्येक संदेशात, म्हणजे प्रवचनात येतात, तिनं होतं नव्हतं ते दिलं, तुम्ही किती देता वगैरे. पण त्याच्या जरा वरची वचनं त्या दिवशी कुणी वाचत नाही, तिथं येशू म्हणतोय, झगे घालून बाजारात नमस्कार घेत फिरणाऱ्या, लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा, हे विधवांची घरं गिळतात. लगेच खाली ती विधवा, आणि 13 व्याच्या सुरुवातीला मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. सलग वाचलं की मला तरी ते कौतुक कमी आणि पंचनामा जास्त वाटतो.

हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला, चर्चमध्ये आणलेल्या वस्तूंचा लिलाव असतो, गुळाची ढेप, भोपळा, कोंबडा, बोली चढत जाते, मजा येते, त्याला माझी ना नाही. पण एके ठिकाणी त्यानंतर माईकवरनं दानाची यादी वाचली, नाव आणि रक्कम, मोठ्या आकड्यापासून खाली, आणि पन्नास-वीसवर यायला लागली तशा मागच्या बाकावरच्या दोघीतिघी पदर सावरत चपला शोधायला बाहेर.

ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात देवाचा दरबार, म्हणजे चर्चच्या चौकटीबाहेरचा येशूभक्तांचा मेळा मांडला. एवढं कुणी करावं असं नाही म्हणत मी. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड नर्स आहेत, सगळ्यांच्या मावशी, कमिटीत नाहीत, माईक कधी हातात धरला नाही, पण सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कुणाचं पेशंट असलं की रात्री डबा घेऊन हजर. दोन भाऊ घरावरनं कोर्टात गेलेले, पाळकांनी सांगून झालं, वकिलांनी सांगून झालं, मावशी एवढंच म्हणाल्या, "आईला कोण बघतंय ते आधी सांगा रे." दोघंही गप्प. मावशींना असं ऐकवायचा हक्क कुठल्या कमिटीनं दिला सांगा?

तरी रविवारी जातो, संदेश ऐकतो, पटेल ते करतो. दानाच्या पाकिटावर तेवढं नाव घालत नाही. खजिनदार कुरकुरतात, पावती कुणाच्या नावानं फाडू म्हणतात, आणि हिशेबाच्या दृष्टीनं त्यांचंही बरोबरच आहे.