पंधरा मिनिटांचा थांबा

आठवड्यातून दोनदा अप्पांना डायलिसिससाठी वाईहून साताऱ्याला न्यावं लागतं. सकाळी आमची दहा वर्षांची पेट्रोल गाडी पहिल्याच सेल्फला सुरू व्हायची. दवाखान्याबाहेर चार तास उभी राहिली तरी तक्रार नाही. घोळ व्हायचा तो परतताना, औषधांच्या दुकानापाशी. पंधरा मिनिटं थांबलं की सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन उचलायचं नाही. मागच्या सीटवर अप्पा थकून डोळे मिटून बसलेले आणि मी आपला किल्ली फिरवतोय. आठव्या-दहाव्या वेळी गाडी अडखळत सुरू व्हायची, काळा धूर आणि पेट्रोलचा वास सोडत.

पहिल्या गॅरेजमध्ये बॅटरी बदलली, मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश बदलले. फरक शून्य. पैसे गेल्याचं दुःख झालंच, पण आधी विचार करायला हवा होता: सेल्फ जोमानं फिरतोय तर दोष त्याच्यात कसा असेल? तापल्यावर सेल्फ जड झाला असता तर इंजिन रेंगाळत फिरलं असतं.

मग मी वहीत टिपायला लागलो. गाडी किती वेळ उभी होती, कितव्या सेल्फला सुरू झाली. दोन मिनिटांनी लगेच. दहा ते तीस मिनिटांत त्रास. दोन तासांनी पुन्हा ठीक. ही वही घेऊन वाईतल्याच एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?"

"हलतो, काका."

"मग क्रँक सेन्सरवर संशय नको."

इंजिनाच्या फिरण्याची गती मोजणारा तो सेन्सर तापून बंद पडला, तर सहसा काटा शून्यावरच राहतो. पुढे कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. इंजिन गार आहे असं त्यानं चुकीचं सांगितलं, तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गरज नसताना जास्त पेट्रोल सोडतो. मल्टीमीटर लावून त्याचा विद्युतरोध मोजला. गार इंजिनाला दोन हजार ओहमच्या आसपास, तापल्यावर तीनशेच्या खाली. म्हणजे तोही ठणठणीत.

मग काका म्हणाले, पसरणीचा घाट चढून या. आलो. गाडी बंद करून पेट्रोलच्या लाइनला दाब मोजणारं प्रेशर गेज लावलेलं ठेवलं. चालू इंजिनाला तीन बार होतं, ते दहा मिनिटांत एकवर आलं. प्लग काढले. तीन कोरडे, विटकरी. तिसऱ्या नंबरचा काळा आणि ओला, म्हणजे तिथं पेट्रोल जास्त जात होतं.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलचे कनेक्टर काढून आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवून, काकांनी पेट्रोल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरसकट त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी, म्हणजे रेल, वर उचलून धरली. मी फक्त किल्ली ऑन केली. पंप दोन सेकंद गुणगुणला. चारही टोकं आम्ही बघत राहिलो. तिसऱ्याच्या टोकावर एक थेंब फुगला, लोंबला आणि खालच्या कागदावर पडला. मग दुसरा. सहा महिन्यांचा छळ त्या थेंबात होता!

गाडी बंद केली की इंजिनातलं पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. लाइनमधल्या दाबानं गळणारं पेट्रोल त्या उष्णतेत वाफ होऊन इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये साठायचं आणि मिश्रण इतकं दाट व्हायचं की पेटायचंच नाही. दोन मिनिटांत पुरेसं गळत नसे, दोन तासांत वाफ निघून जाई. वहीतल्या नोंदींचा अर्थ असा लागला.

नवा इंजेक्टर येईपर्यंत काकांनी एक उपाय दिला: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल तोडतो आणि आत नुसती हवा जाते. आमच्या गाडीत हे चाललं. पुढे इंजेक्टर बदलला, चारही इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंग नव्या टाकल्या.

गुरुवारी औषधं घेऊन वीस मिनिटांनी परत आलो. किल्ली फिरवली, पहिल्याच सेल्फला सुरू. मागे अप्पांची झोपही मोडली नाही.