रातांब्याचा लाल आणि पिवळा: तिसरी खेप

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय, शेवटचे रातांबे (कोकमाची फळं) उतरवून झाले आणि सालींतला रंग काढायची माझी तिसरी खेपही पार पडली.

पहिल्या दोन खेपांना मी सालं उकळली. रंग सुरेख यायचा, पण आठवड्याभरात विटकरी व्हायचा. रातांब्याची लाली अँथोसायनिन या रंगद्रव्यांची, मुख्यतः त्यांतल्या सायनिडिनच्या दोन प्रकारांची. ती पाण्यात चटकन उतरते आणि उष्णतेने मोडते.

म्हणून या वेळी ५०० ग्रॅम ताजी सालं बारीक चिरून १ लिटर गार पाण्यात, काचेच्या बरणीत, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. लिंबू घातलं नाही. सालीचा स्वतःचा आंबटपणा रंग राखायला पुरतो. (याच आंबटपणामुळे अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं नको.) सकाळी गडद जांभळट लाल अर्क मिळाला. चमचाभर अर्कात चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर रंग निळसर-हिरवट झाला. माझ्या जुन्या विटकरी बाटलीत सोडा टाकून पाहिला, ती नुसतीच काळपट झाली. रंग शाबूत आहे की मोडलाय, हे पाहायला घरच्या घरी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. दुसऱ्या पाण्याला बरा रंग आला, तिसऱ्याला फिकट गुलाबी, तिथे थांबलो.

पण मला खरं सांगायचंय ते चोथ्याबद्दल. आजवर तो माडाच्या आळ्यात जायचा. सालीतलं गार्सिनॉल हे पिवळं द्रव्य पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. प्रयोगशाळांत त्याच्या दाहशामक गुणांवर बरंच काम झालंय, आणि आपण ते टाकून देतो! चोथा सावलीत कुडकुडीत वाळवला (ओल राहिली तर बुरशी ठरलेली), खोबरेल तेलात बुडवून गरम पाण्यावर ६० अंशांच्या आसपास चार तास ठेवला आणि गाळला. तेल हळदीसारखं पिवळं झालं. त्यात गार्सिनॉल नेमकं किती, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

याच पद्धतीने पोयाच्या माश्यांची (डंख न मारणाऱ्या छोट्या मधमाश्यांची) राळही, म्हणजे त्या झाडांवरून गोळा करतात तो चिकट डिंकही, तेलात काढून पाहिली. मी पेट्यांत पाळतो ती सातेरी मधमाशी राळ गोळा करत नाही, त्यामुळे माझ्या पेट्यांतून काही मिळायचं नव्हतं. ओंडक्यातली पोयाची वसाहत पेटीत हलवताना जुन्या कोषांचे तुकडे सांडले, तेवढेच २० ग्रॅम घेतले. दाराची नळी आणि अंड्यांचा भाग तसाच राखला. तेल निवल्यावर मात्र चक्क मलम झालं, कारण राळेबरोबर मेणही विरघळलं. गार अल्कोहोलात मेण मागे राहतं, पण बाजारातल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते कृपा करून कुणी वापरू नका. मलम लावायचं असेल तर आधी मनगटावर ठिपका लावून दोन दिवस पाहा; राळेची अ‍ॅलर्जी असणारे असतात.

उरलेली राळ फ्रीझरमध्ये कडक करून कुटली आणि काल तिळाच्या तेलात, न तापवता, अंधारात ठेवली. तीन आठवडे रोज हलवणार आहे. मेण तळाशी राहिलं तर फोटो टाकतो.